लेकाचा एडीएचडी आणि आमचा दोन वर्षांचा हिशेब

आमच्या लेकाला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि एका जागी बसवत नाही. निदान झालं तेव्हा तो तिसरीत होता, आता पाचवीत गेलाय. या काळात आजाराबद्दल माहिती देणारे खूप भेटले. लक्षणं, आहार, अभ्यास कसा घ्यायचा, सगळ्यावर लोक बोलतात. पण पैसे किती लागतील, कुठे लागतील आणि त्यातले कुठले वाचू शकतात, हे कुणी नीट सांगितलं नाही. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत लेखनिक आहे. हिशेब लिहून ठेवायची सवय असल्यामुळे पहिल्या तपासणीपासूनच्या पावत्या माझ्याकडे आहेत. ज्यांच्या हातात नुकताच असा रिपोर्ट पडलाय त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहिते.

जून २०२३ मध्ये शाळा सुरू झाली आणि महिन्याभरात वहीत लाल शेरे यायला लागले. ‘अपूर्ण’, ‘फळ्यावरचे उतरवले नाही’, ‘जागेवर बसत नाही’. जुलैत वर्गशिक्षिकेने भेटायला बोलावलं. बाई तरुण आहेत, वर्गात पन्नासच्या वर मुलं. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही. म्हणाल्या, “ताई, पोरगा हुशार आहे. तोंडी विचारलं तर सगळ्यांच्या आधी उत्तर देतो. पण पाच ओळी लिहायला बसवलं की उठतोच. स्वतःलाही त्याचा त्रास होतो त्याला, डोळ्यांत पाणी येतं. एकदा डॉक्टरांना दाखवा.”

घरी विषय काढला तर सासूबाई म्हणाल्या, “पोरगं हाय ते, आज ना उद्या शहाणं हुईल. ह्याचा बाप काय कमी हुता?” तेव्हा ते वाक्य मी सोडून दिलं. पुढे पुण्यात डॉक्टरांसमोर तेच कामाला आलं.

ऑगस्टमध्ये आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी लगेच एडीएचडी शब्द उच्चारला नाही. म्हणाले, “मुलाला ऐकू कमी येत असेल, नीट दिसत नसेल, रात्री घोरून झोप मोडत असेल, रक्त कमी असेल, तरीही ते असंच वागतं. आधी ते तपासू.” कानाची ऑडिओमेट्री, डोळ्यांची तपासणी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड मिळून, डॉक्टरांची फी धरून, २,७०० रुपये झाले. हिमोग्लोबिन थोडं कमी निघालं, लोहाचं औषध सुरू झालं. बाकी सगळं ठीक होतं. याच सुमारास नात्यातल्या एकांनी मेंदूचा स्कॅन करून घ्या म्हणून फार आग्रह धरला. डॉक्टरांना विचारलं. फिट येत नसतील आणि तपासणीत दुसरं काही सापडलं नसेल तर ईईजी किंवा एमआरआयची गरज नाही, एडीएचडी स्कॅनवर दिसत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. कुणी तुम्हाला सरळ स्कॅनला पाठवत असेल तर ‘कशासाठी?’ हे जरूर विचारा. काही हजारांचा प्रश्न आहे.

त्यांनी पुण्याच्या विकासात्मक बालरोगतज्ज्ञांचं नाव दिलं. ऑगस्टअखेर फोन केला, तारीख मिळाली ऑक्टोबरच्या मध्याची. थांबण्याचा तो काळ मला सगळ्यात जड गेला, कारण रोजची शाळा, रोजचे शेरे चालूच होते आणि आपण करतोय काय हे कळत नव्हतं. पण तो काळ रिकामा जाऊ द्यायचा नसतो. दवाखान्याने ईमेलवर प्रश्नावल्या पाठवल्या होत्या. व्हँडरबिल्ट स्केल असं त्याचं नाव. एक पालकांसाठी, एक शिक्षकांसाठी. मी आणि नवऱ्याने वेगवेगळी भरली आणि भरून होईपर्यंत एकमेकांची पाहिली नाही. बाईंना त्यांची प्रत सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दिली, सहामाही परीक्षेच्या गडबडीच्या आधी. शिक्षकांची प्रश्नावली हवीच, कारण निदानाचे निकष तसे आहेत: लक्षणं किमान दोन ठिकाणी दिसायला हवीत, सहा महिने टिकलेली हवीत आणि वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची हवीत. फक्त घरी किंवा फक्त शाळेत त्रास असेल तर डॉक्टर दुसरी कारणं शोधतात. पहिल्या भेटीला जाताना शिक्षकांचा फॉर्म सोबत नसेल तर पुन्हा तेवढ्यासाठी यावं लागतं, पुन्हा फी, पुन्हा रजा.

ऑक्टोबरमध्ये तिघंही पुण्याला गेलो. एसटीत मला महिला सन्मान योजनेत निम्मं तिकीट, लेकाचं वय बाराच्या आत असल्यामुळे त्याचंही निम्मं. पुढच्या बहुतेक वेळा आम्ही दोघंच जायचो आणि जाण्यायेण्याचं भाडं दोघांचं मिळून साडेतीनशेच्या आत बसायचं. स्वारगेटपासून रिक्षा आणि बाहेरचं खाणं धरलं की साडेसहाशेपर्यंत जायचं.

पहिल्या भेटीची फी २,००० रुपये. डॉक्टरांनी तासाच्या वर वेळ दिला. गरोदरपणापासून विचारलं, बाळंतपण कसं झालं, कधी चालला, कधी बोलला, झोप कशी, मित्र आहेत का. मग नवऱ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही लहानपणी कसे होता?” नवरा हसला, म्हणाला, “आई म्हणते मी पण असाच होतो.” डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, शाळेत काय व्हायचं? आणि मग माझा नवरा, जो स्वतःबद्दल कधी बोलत नाही, तो बोलायला लागला. दहावीला दोनदा बसलो, वर्गाबाहेर उभं राहून वर्षं काढली, वडिलांचा मार खाल्ला, आजही कंपनीत कागदपत्रं भरायचं काम आलं की छातीत धडधडतं. लेक कोपऱ्यात ठोकळे रचत होता आणि ऐकतही होता. डॉक्टरांनी सांगितलं की एडीएचडी मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के निघतो. आईबापांच्या लाडामुळे किंवा मोबाइलमुळे हा आजार होत नाही. नवऱ्यासाठी ते वाक्य किती मोठं होतं, ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. लेकासाठी दिलेल्या त्या दोन हजारांत त्याच्याही मनावरचं चाळीस वर्षांचं ओझं थोडं हललं.

बाहेर बाकावर कराडकडच्या एक बाई भेटल्या. त्यांची मुलगी दहावीला. ती कधीच दंगा करायची नाही, गप्प बसून खिडकीबाहेर बघायची, म्हणून इतकी वर्षं कुणाला शंकाच आली नाही. ‘लक्ष देत नाही’ म्हणून एकामागून एक खासगी शिकवण्या लावल्या, नववीपर्यंत त्यातच सगळे पैसे गेले. दुर्लक्षाचा प्रकार मुलींमध्ये असाच उशिरा लक्षात येतो, हे नंतर डॉक्टरांनीही सांगितलं. शिकवण्यांच्या त्या फीला कुणी आरोग्याचा खर्च म्हणत नाही. मी म्हणते.

डॉक्टरांनी बुद्ध्यांकाची चाचणी करून घ्यायला सांगितली, कारण अभ्यासात मागे पडण्याचं कारण वेगळं तर नाही ना, हे पाहायचं होतं. मानसशास्त्रज्ञांनी बिने-कामत चाचणी घेतली. मराठीतून प्रश्न होते, त्यामुळे लेकाला परकं वाटलं नाही. चाचणी आणि लेखी अहवाल मिळून ४,५०० रुपये. अहवालाला साधारण दोन आठवडे लागले. एक लक्षात ठेवा: अहवालाची सही-शिक्क्याची मूळ प्रत मागून घ्या, मानसशास्त्रज्ञांचा नोंदणी क्रमांक त्यावर आहे ना ते पाहा, आणि त्याच्या झेरॉक्स काढून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तो मागितला गेला आणि एकदा केलेली चाचणी पुन्हा करावी लागली नाही.

दिवाळीनंतर निदान हातात आलं. एडीएचडी, संमिश्र प्रकार (दुर्लक्ष आणि अतिचंचलता दोन्ही), बुद्ध्यांक सरासरीच्या वर. कागद वाचून मला पहिल्यांदा हायसं वाटलं आणि लगेच पोटात गोळा आला. आता आयुष्यभर गोळ्या का? खर्च किती? थोरलीचं काय? ती तेव्हा सातवीत होती आणि तिला कथकचा क्लास लावायचं कबूल केलं होतं.

डॉक्टरांनी पर्याय मांडले. या वयात औषध आणि वर्तनाचं प्रशिक्षण दोन्ही सुचवतात. अमेरिकेत १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ५७९ मुलांना १४ महिने पाहिलं होतं, त्यात नुसत्या वर्तनोपचारापेक्षा काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने मुख्य लक्षणं जास्त कमी झाली, हे त्यांनी सांगितलं. आम्ही घाबरलेलो होतो. औषधाला जानेवारीपर्यंतचा वेळ मागितला, त्यांनी तो दिला आणि तोवर पालक-प्रशिक्षण व ऑक्युपेशनल थेरपी (लिहिणं, बटणं लावणं अशी रोजची कामं जमावीत म्हणून करून घेतलेला सराव) सुरू करायला सांगितलं.

पालक-प्रशिक्षण म्हणजे मुलाला नव्हे, आम्हाला शिकवणं. सूचना एका वेळी एकच द्यायची, जवळ जाऊन, नाव घेऊन. चांगलं वागला की त्याच क्षणी सांगायचं. गृहपाठाचे तुकडे करायचे. दर सत्राला १,२०० रुपये, ऑनलाइन, पंधरा दिवसांतून एकदा. दोघांनी एकत्र बसायचं ही अट होती. एवढ्या सगळ्या खर्चात पै न् पै वसूल झालेला खर्च कुठला, तर हा. सत्रं संपली तरी जे शिकलो ते घरात राहिलं.

ऑक्युपेशनल थेरपी साताऱ्यातच मिळाली. सत्राला ५०० रुपये, आठवड्यातून दोनदा, म्हणजे महिन्याला ४,००० रुपये. अक्षर सुधारलं, पेन्सिलवरची पकड सुधारली, शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला. लक्ष देण्यात मात्र त्यामानाने फार फरक दिसला नाही, आणि डॉक्टरांनीही आधीच सांगितलं होतं की अक्षरासारख्या ठरावीक अडचणींसाठी ही थेरपी आहे, एडीएचडीच्या मूळ लक्षणांवर तिचा उपाय म्हणून भरवसा ठेवू नका. तुम्ही ती लावणार असाल तर पहिल्याच दिवशी थेरपिस्टना विचारा: तीन महिन्यांत काय काय जमायला हवं? ते कागदावर लिहून घ्या आणि तीन महिन्यांनी तो कागद काढून बघा. उद्दिष्ट ठरलेलं नसेल तर सत्रं चालूच राहतात आणि आठवड्याला हजार रुपये जातच राहतात. थोरलीचा क्लास आम्ही एक वर्ष पुढे ढकलला. तिने काही म्हटलं नाही. तिचं ते काही न म्हणणं माझ्या कुठल्याच पावतीत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गोळी सुरू करायचं ठरलं: मिथाइलफेनिडेट, सावकाश विरघळणारी, १० मिलिग्रॅम, सकाळी नाश्त्यानंतर. सुरू करण्याआधी उंची, वजन, नाडी, रक्तदाब मोजला आणि घरात कुणाला हृदयाचा आजार आहे का ते विचारलं. हे सगळे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रत्येक भेटीत त्यांच्याशी तुलना होते.

आता गोळी मिळवण्याची गोष्ट, कारण याची आम्हाला अजिबात कल्पना नव्हती. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रण असलेल्या औषधांच्या यादीत येतं. त्यासाठी औषध दुकानाला वेगळा परवाना लागतो, औषध कुलपात ठेवावं लागतं, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी पाहून हात जोडले. पुढच्या दुकानातही तेच. एका ठिकाणी काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी उलटीपालटी करून “कुणासाठी?” असं ज्या नजरेने विचारलं, त्याने मला रडू फुटायचं बाकी होतं. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलशेजारच्या दुकानात मिळाली. तिथल्या वयस्कर फार्मासिस्टनी मला बसवलं, पाणी दिलं आणि नियम समजावून सांगितला. ते म्हणाले, “ताई, परवाना असलेली दुकानं थोडीच असतात. डॉक्टरांनाच विचारून घ्यायचं, कुठं मिळतं ते. आणि स्ट्रिप संपत आल्यावर येऊ नका, दहा गोळ्या उरल्या की या.” तेव्हापासून मी तसंच करते. ऑनलाइन दुकानांतून ही गोळी मागवता येत नाही, त्यात वेळ घालवू नका.

आणखी एक अडचण. मी डॉक्टरांना विचारलं की दर वेळी पुण्याला येण्याऐवजी व्हिडिओवर तपासून चिठ्ठी पाठवाल का. ते म्हणाले, व्हिडिओवर बोलू शकतो, पण २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार शेड्यूल एक्सचं औषध तसं लिहून देता येत नाही. म्हणजे प्रत्यक्ष भेट आलीच. गैरवापर होऊ नये म्हणून नियम आहे हे मला पटतं. पण त्या नियमाची किंमत पुण्यापासून लांब राहणाऱ्या घराला भाड्यात आणि रजेत मोजावी लागते, हेही खरं आहे. माझ्या हक्काच्या रजा मार्चमध्येच संपल्या. पुढच्या बिनपगारी झाल्या.

गोळीचा खर्च? महिन्याला चारशे रुपयांच्या आसपास. मी हजारोंची तयारी ठेवली होती. फरक पहिल्याच आठवड्यात दिसला. बाईंचा दुपारच्या सुट्टीत फोन आला, “आज सगळा फळा उतरवून घेतला त्याने, आणि मला आणून दाखवला.” दुष्परिणामही दिसले. दुपारचा डबा जसाच्या तसा परत यायचा, पहिल्या दोन महिन्यांत वजन एक किलोने उतरलं. मग गोळीच्या आधी भरपेट नाश्ता सुरू केला, थालीपीठ-लोणी किंवा पोळी-अंडं, आणि संध्याकाळी गोळीचा असर उतरल्यावर भूक लागते तेव्हा पूर्ण जेवण, झोपण्याआधी शेंगदाण्याचा लाडू आणि दूध. वजन सावरलं.

मार्चमध्ये विम्याकडे वळले. नवऱ्याच्या कंपनीची मेडिक्लेम आहे, कुटुंबासाठी तीन लाखांची. मी वाचलं होतं की मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराच्या उपचारांनाही शारीरिक आजारांसारखंच संरक्षण द्यायला हवं. सगळी बिलं, अहवाल, चिठ्ठ्या जोडून दावा पाठवला. साधारण महिन्याने उत्तर आलं: नामंजूर. कारण, पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते, ओपीडीचा नाही. मी कलमाचा उल्लेख करून पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की मधुमेहाच्या ओपीडीचे पैसेही ही पॉलिसी देत नाही, म्हणजे वागणूक समानच आहे. कायद्याच्या अक्षराला धरून ते बरोबर आहे आणि म्हणूनच मला त्याचा जास्त त्रास झाला. एडीएचडीचं मूल रुग्णालयात दाखल होतच नाही. त्याचा सगळा उपचार तपासणीच्या खोलीत, थेरपीच्या सत्रात आणि घरात होतो. दाखल होण्यावर बेतलेल्या विम्यात या मुलांच्या वाट्याला काहीही येत नाही. पंतप्रधान जन आरोग्य योजना आणि महात्मा फुले जन आरोग्य योजना यांचंही तेच, दोन्ही प्रामुख्याने दाखल रुग्णांसाठी आहेत.

तुमची पॉलिसी असेल तर तिच्यात ओपीडीचं वेगळं कलम आहे का ते पाहा, काहींमध्ये ठरावीक रकमेपर्यंत असतं आणि समुपदेशनही त्यात बसतं. नवी पॉलिसी काढणार असाल तर निदान लपवू नका, नंतर दुसऱ्याच एखाद्या आजाराचा दावा त्यावरून अडकू शकतो. आणि दाखल झालेल्या रुग्णाचा दावा केवळ मानसिक आजार आहे म्हणून नाकारला गेला, तर विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं कार्यालय पुण्यातही आहे आणि तक्रारीला फी नसते. आमच्या प्रकरणात पॉलिसीची भाषा स्पष्ट होती, म्हणून मी तिथे गेले नाही.

मग आयकर. आमच्या पतसंस्थेच्या सीएंना विचारलं. तेव्हाच्या, १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीमध्ये अपंग अवलंबितासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळायची, पण त्याला किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागायचं. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी नाही. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावर वजावट देणाऱ्या ८०डीडीबीच्या यादीतही नव्हता. राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना ओपीडी आणि थेरपीचेही पैसे देते, पण ती स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी. जगभरात साधारण पाच टक्के मुलांमध्ये दिसणारा हा आजार, आणि पैशाच्या बाबतीत त्याला कुठल्याच रकान्यात जागा नाही. मी हे चिडून लिहितेय, आणि ते बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

जुलै २०२४ मध्ये मात्र एक दार उघडलं. लेकाची शाळा अनुदानित आहे. तिथे वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलांची तपासणी करायला येतं, डॉक्टर, औषधनिर्माता, नर्स असं. मला आजवर वाटायचं की दात, डोळे, जंताची गोळी एवढंच ते बघतात. बाईंनी पथकातल्या डॉक्टरांना लेकाबद्दल सांगितलं आणि मला बोलावून घेतलं. त्या डॉक्टर म्हणाल्या, “ताई, एडीएचडी आमच्या यादीत आहे की. तुम्ही सिव्हिलला का गेला नाहीत?”

मी चक्रावले. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्यात तपासायच्या स्थितींच्या यादीत अध्ययनाच्या अडचणी आणि एडीएचडी हे दोन्ही आहेत. निदान झालेल्या मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. सगळे त्याला डीईआयसीच म्हणतात. तिथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचाउपचार आणि ऑक्युपेशनल किंवा फिजिओथेरपी अशी एकाच छताखाली सोय अपेक्षित आहे, विनामूल्य. आमचं साताऱ्यातलं घर सिव्हिलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तोवर भेटलेल्या कुणीही मला हे सांगितलं नव्हतं.

पथकाने संदर्भचिठ्ठी दिली. ती घेऊन गेलो, केसपेपर काढला, पुण्याचे सगळे अहवाल दाखवले. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी बिने-कामतचा अहवाल वाचून तो ग्राह्य धरला. थेरपिस्ट ताईंनी लेकाला तासभर पाहिलं आणि आठवड्याला एक सत्र दिलं. बाकी घरी करायचं म्हणून यादी दिली: कणीक मळणं, ओले कपडे पिळणं, अर्धी भरलेली बादली अंगणात नेऊन झाडांना घालणं, लिहिण्याआधी पाच मिनिटं दोरीच्या उड्या. हे सगळं सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. आता रोज संध्याकाळी कणीक लेकच मळतो, आणि त्या शेजारी बसून “दाब, अजून दाब” म्हणतात. महिन्याचे चार हजार त्या महिन्यापासून थांबले.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची निघाली. डीईआयसीतून आम्हाला मानसोपचार विभागात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी पुण्याच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून चिठ्ठी स्वतः द्यायची तयारी दाखवली. त्यामुळे गोळीसाठी पुण्याला जाणं बंद झालं. आता आम्ही सहा महिन्यांतून एकदा तिकडे जातो, डोस आणि वाढ तपासायला. बाकी इथेच, अर्ध्या दिवसाच्या रजेत. तुम्ही लहान गावात असाल तर हे आवर्जून करा: निदान मोठ्या शहरात झालं तरी जवळचे मानसोपचारतज्ज्ञ पाठपुरावा करायला तयार आहेत का, हे पहिल्या महिन्यातच विचारा, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा नंबर द्या.

पहिल्या वर्षाचा, म्हणजे ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ चा हिशेब असा आहे. साताऱ्यातल्या सुरुवातीच्या तपासण्या २,७००. पुण्याच्या डॉक्टरांची फी ७,०००. चाचणी ४,५००. थेरपी ३२,०००. पालक-प्रशिक्षण ९,६००. प्रवास ५,२००. माझा कापलेला पगार ९,०००. आणि गोळ्या २,४००. एकूण ७२,४०० रुपये. सगळे विचारतात, ‘गोळ्या महाग असतील ना?’ गोळ्या या यादीत सगळ्यात तळाला आहेत. दुसऱ्या वर्षी डोस २० मिलिग्रॅम झाला, गोळ्यांचे महिन्याला सातशे व्हायला लागले, तरी वर्षाचा सगळा खर्च सोळा हजारांच्या आसपास राहिला. थोरली आता कथकला जाते.

लेकाचं चाललंय बरं. गणित त्याला आवडतं, निबंध अजून नकोसा वाटतो. लिहिण्याची अडचण एडीएचडीपेक्षा वेगळीही असू शकते असं डीईआयसीतल्या मानसशास्त्रज्ञांना वाटतं, म्हणून या पावसाळ्यात अध्ययन अक्षमतेची चाचणी ठरली आहे. ती आठ वर्षं पूर्ण झाल्यावर करतात, आणि परीक्षेतल्या जादा वेळेसारख्या सवलतींसाठी प्रमाणपत्र नेमलेल्या सरकारी रुग्णालयाचंच लागतं. म्हणून ही चाचणी बाहेर पैसे भरून करण्याआधी तिथे चौकशी करा. प्रमाणपत्र मिळालं तर चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी असते.

तुमचं मूल सरकारी किंवा अनुदानित शाळेत असेल तर मुख्याध्यापकांना विचारा की बाल स्वास्थ्य पथक कधी येणार आहे. पथक येऊन गेलं असेल किंवा शाळा खासगी असेल तरी सिव्हिलमध्ये जाऊन डीईआयसी कुठे आहे ते विचारा. सोबत मुलाचं आधार, जन्मदाखला, शाळेचं ओळखपत्र, आधीचे सगळे अहवाल मूळ आणि झेरॉक्स, शिक्षकांनी भरलेली प्रश्नावली आणि शाळेच्या दोन-चार वह्या न्या. वह्या खरंच न्या, थेरपिस्ट सगळ्यात आधी त्याच मागतात. सकाळी लवकर जा, मुलासाठी खाऊ आणि चित्रं काढायला काहीतरी ठेवा. आणि घरात रात्री-अपरात्री फार अस्वस्थ वाटलं तर १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, फोन मोफत आहे, मराठीतून बोलता येतं.